गुरगुरणं दाबू नका

घरात दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर असताना नवं पिल्लू आणलंय, दोघांचं कसं जमवायचं, या प्रश्नावर 'मोठा पिल्लावर गुरगुरतो, तर त्याला दटावा' असा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपया तसं करू नका. 'आता पुरे' हे तो गुरगुरून सांगतोय. ते बंद पाडलं तर पुढच्या वेळी न सांगता थेट चावू शकतो. त्याने सांगितल्यावर पिल्लू मागे सरलं, तर आपण मध्ये पडायचंच नाही. नाही सरलं, तर पिल्लाला उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचं.

शिवाय या वयात लॅब्रॅडॉरचे सांधे दुखत असण्याची शक्यता बरीच असते. अंगावर उड्या मारणारं, कान ओढणारं पिल्लू त्याला खरंच त्रास देतं. आधी त्याला पशुवैद्यांना दाखवा. माणसांची वेदनाशामकं मात्र घरच्या घरी मुळीच देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे.

दोघांची पहिली भेट घराबाहेर करावी, हा दुसरा सल्ला मान्य. पण पिल्लू आठ आठवड्यांचंच आहे, आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसीचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर सोसायटीच्या बागेऐवजी बाहेरची कुत्री येत नाहीत अशी गच्ची बघा. पट्टा दोघांनाही हवा, पण सैल.

जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. पिल्लं दिवसाचे १८-२० तास झोपतात, तो वेळ मोठ्याला द्या: त्याचं फिरणं, त्याची सोफ्याजवळची जागा, सगळं पूर्वीसारखंच. आणि दोघांना एकटं सोडून इतक्यात बाहेर जाऊ नका.