'विश्वास वाटणे' म्हणजे नेमके काय वाटणे?

किनारा: वसईतील आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, आळीआळीने लहान ख्रिस्ती समूह भरतात. पंधरा-वीस घरे एखाद्याच्या ओटीवर जमतात, शुभवर्तमानातील उतारा वाचतात आणि तो आपल्या जगण्याला कुठे भिडला हे एकमेकांना सांगतात. या समूहांसाठी एका इंग्रजी पुस्तिकेचे मराठी करताना मी लिहिले, "येथे आपण विश्वास वाटतो." तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारले, "कोणाबद्दल?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मराठीत 'विश्वास वाटतो' म्हणजे मनात भरवसा उत्पन्न होतो. मला म्हणायचे होते की आपापली श्रद्धा आपण इतरांपुढे मोकळी करतो. यासाठी नेमके क्रियापद कोणते?

अनुस्वार: ही अडचण काही प्रमाणात लेखननियमांनी निर्माण केली आहे. वाटप करणे या अर्थी जुन्या लेखनात 'वांटणे' असा अनुस्वार असे. त्याचे नाते संस्कृत 'वण्ट्' या धातूशी आहे. मनाला वाटणे आणि पाट्यावर मिरची वाटणे हे शब्द वेगळे आहेत. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि डोळ्यांना दिसणारा भेद पुसला गेला. तो अनुस्वार परत आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी आळी: अनुस्वार परत आणला, तरी उच्चारात भेद कसा कळणार? शिवाय 'वाटणे' म्हटले की आमच्याकडे आधी वाडीची वाटणी आठवते, आणि वाटणीने घरे दुभंगलेली आम्ही पाहिली आहेत. जी गोष्ट माणसांना एकत्र आणते तिला तो शब्द नको. आम्ही सरळ 'शेअरिंग' म्हणतो. माझी आजी चौथी शिकलेली होती, तरी तिला हा शब्द कधी अडला नाही. 'मिस्सा' (चर्चमधील उपासना) आणि 'फेस्त' (सण) हे शब्द पोर्तुगिजांकडून आले आणि आपले झाले, मग याच शब्दाला विटाळ का?

शुद्धमती: ते शब्द आले तेव्हा त्या वस्तूच नव्या होत्या. अनुभव सांगणे मात्र मराठीला नवे नाही. 'अनुभवकथन' हा स्वच्छ शब्द हाताशी असताना उसनवारी कशाला?

जुनी आळी: शुद्धमतीताई, कथन करणारा बोलतो आणि बाकीचे श्रोते होतात. येथे तसे नसते. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने रूढ केलेल्या सात पायऱ्या आम्ही पाळतो: प्रभूला आमंत्रण, वाचन, मनात रुतलेला शब्द पुन्हा उच्चारणे, मौन, मग हे सांगणे, त्यानंतर कृतीचा निर्णय आणि शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना. पाचव्या पायरीवर प्रवचन करायचे नाही, वाद घालायचा नाही, दुसऱ्याला सुधारायचे नाही, फक्त 'मला' म्हणून बोलायचे. मुलगा गेल्यानंतर आमच्या आळीतील एक बाई कितीतरी बैठकांना नुसत्या येऊन बसत. एके दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, "मला आज 'भिऊ नको' एवढेच ऐकू आले." याला कथन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नगरची वाट: आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत यासाठी 'साक्ष देणे' हा रुळलेला शब्द आहे. तो का घेत नाही?

किनारा: साक्ष देणाऱ्याला आपण ठाम असावे असे वाटते. समूहात मात्र शंका आणि कोरडेपणाही सांगता आला पाहिजे. 'हितगुज' कसा वाटतो? त्यात जवळीक आहे, आणि बैठकीत ऐकलेले बाहेर न्यायचे नाही हा संकेतही त्यात बसतो.

अनुस्वार: 'गूज' हे 'गुह्य' पासून आले आहे, म्हणजे गुपित. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या 42 व्या ओवीत पहिल्या ख्रिस्ती लोकांविषयी 'कोइनोनिया' हा ग्रीक शब्द येतो. त्यात गुपित नाही, सामाईकपणा आहे.

जुनी आळी: 'सामाईक' म्हटले की सातबारा डोळ्यांपुढे येतो!

शुद्धमती: क्रियापदाचे राहू द्या, मला नामच खटकते. 'विश्वास' ऐवजी 'श्रद्धा' हवे. विश्वास आपण बँकेवरही ठेवतो. 'श्रद्धा' मधील 'श्रत्' चे नाते हृदयाशी जोडले जाते, आणि लॅटिन 'क्रेदो' ('मी श्रद्धा ठेवतो') हा त्याचाच दूरचा भाऊ.

नगरची वाट: पण मराठीत 'अंधश्रद्धा' हा शब्द इतका रुजला आहे की 'श्रद्धा' उच्चारताच लोक सावध होतात. 'विश्वास' मध्ये तर श्वास आहे. मी तोच वापरीन.

शुद्धमती: धातू 'श्वस्' असला, तरी अर्थ निःशंक होण्याचा आहे. श्वासावरून आपण भावनिक अर्थ काढत आहात.

किनारा: आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. पुस्तिका सोमवारी छापायला जायची आहे. तूर्त मी क्रियापद टाळून "मनात काय उमटले ते एकमेकांना सांगू या" असे लिहिले आहे. शीर्षकाची जागा मात्र अजून रिकामीच आहे.

अनुस्वार: शीर्षकात 'आळी' येणार असेल तर तो शब्द संस्कृत 'आलि', म्हणजे रांग, यावरून आला आहे. 'ळ' जपावा.

जुनी आळी: आमच्याकडे घरे रांगेत नाहीत, विहिरीभोवती आहेत. तरीही आम्ही तिला आळीच म्हणतो.