ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही म्हणून करिअर संपत नाही

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वोच्च लीग आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी तरुण खेळाडूंची केलेली निवड. 'अठराव्या वर्षी ड्राफ्ट झाला नाही तर एनएचएल विसरा' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मार्टिन सेंट लुईसचंच बघा. उंची जेमतेम 5 फूट 8 इंच, ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. व्हरमॉन्ट विद्यापीठाकडून चार वर्षं खेळला, मग आयएचएल या दुय्यम लीगमध्ये, आणि 1998 मध्ये एनएचएलमधल्या कॅल्गरी संघाने करार दिला. तिथे 69 सामन्यांत फक्त 4 गोल! 2000 मध्ये कॅल्गरीने सोडलं आणि टँपा बे या दुसऱ्या एनएचएल संघाने घेतलं.

2004 च्या एनएचएल अंतिम मालिकेत (आधी चार सामने जिंकेल तो विजेता) टँपासमोर कॅल्गरीच होतं. सहावा सामना कॅल्गरीतच होता आणि टँपा 3-2 ने मागे होतं. हरले असते तर चषक गेलाच. बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, दुसऱ्या ओव्हरटाइमच्या 33व्या सेकंदाला, याच गड्याने गोल मारून सामना जिंकून दिला. सातवा सामनाही टँपाने जिंकला.

मात्र या वाटेने येणाऱ्याने कराराचं कलम नीट वाचावं. टू-वे करारात एनएचएलमध्ये एक पगार आणि खालच्या एएचएल लीगमध्ये त्याहून बराच कमी, त्यामुळे संघाला त्याला खाली पाठवणं स्वस्त पडतं. पुढे अनुभव वाढला की खाली पाठवण्याआधी वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांना खुलं, ठेवावं लागतं. 24 तासांत दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. खेळाडूच्या दृष्टीने ही भीती नाही, संधी आहे.

सेंट लुईसने 2013 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, दुसऱ्यांदा सर्वाधिक गुणांची (गोल आणि गोलला केलेलं साहाय्य मिळून) आर्ट रॉस ट्रॉफी घेतली.