अनुभव धागा: 'तिचं माझ्यावर प्रेम होतं का?'

दत्तक मुलांच्या घरात जन्मदात्या आईबद्दलचा हा प्रश्न कधी ना कधी येतोच. तुमच्याकडे कसा आला, तुम्ही काय बोललात, काय बोलायला नको होतं, ते इथे लिहा. सल्ल्यांपेक्षा घडलेलं लिहिलंत तर बरं. सुरुवात मीच करते.

लेक सात वर्षांची आहे. ती अगदी लहान असल्यापासून आम्ही एक वाक्य घोकलं होतं: "तुझ्या जन्मदात्या आईचं तुझ्यावर खूप प्रेम होतं, म्हणून तिने तुला आमच्याकडे सोपवलं." कानाला किती छान वाटतं! एकदा ऑफिसच्या कामासाठी चार दिवस बाहेर जायचं होतं. मी बॅग भरत होते, ती पलंगावर बसली होती. जाता जाता म्हटलं, "माझं किती प्रेम आहे तुझ्यावर, माहितीये ना?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मग तू पण मला कुणाला देणार?"

मुक्कामी पोचून बॅग उघडली तर कपड्यांच्या खाली तिचा एक मोजा. एकच. दुसरा तिने घरी ठेवला होता.

चूक त्या 'म्हणून'मध्ये होती. ज्याचं प्रेम असतं तो देऊन टाकतो, असा सरळ हिशेब तिने मांडला होता. डेव्हिड ब्रॉडझिन्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात मुलांना 'दत्तक' म्हणजे नेमकं काय कळतं याचा अभ्यास केला. लहानपणी मुलं तो शब्द आनंदाने सांगत फिरतात. आपण इथे आलो म्हणजे आधी कुणापासून तरी दुरावलो, हे साधारण शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत उमजायला लागतं. आमची नेमकी तिथे पोचली होती. आता आम्ही दोन गोष्टी सुट्या सांगतो. तुझ्या जन्मदात्या आईला तेव्हा कुठलंच बाळ सांभाळणं शक्य नव्हतं. तू होतीस म्हणून नव्हे. आणि प्रेमाबद्दल, जेवढं माहीत आहे तेवढंच.

एक बाबा, मुलगा नऊ वर्षांचा

आमच्याकडे 'जेवढं माहीत आहे' म्हणजे फाईलमधली दीड ओळ. जन्मवेळ आणि वजन, २ किलो ४०० ग्रॅम. आईबद्दल काही नाही. प्रेम होतं असं छातीठोकपणे कसं सांगणार? मी सांगितलं नाही. पण त्याने ते वजन धरून ठेवलं. एका रविवारी वह्या-पुस्तकं काट्यावर ठेवत ठेवत बरोबर २४०० ग्रॅम केले, पिशवीत भरून टी-शर्टच्या आत पोटाशी बांधले आणि घरभर फिरला. जिना चढला, उतरला. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन म्हणाला, "हे घेऊन ती झोपायची कशी?"

तेव्हा मी त्याला १९८०चा एक प्रयोग सांगितला. डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांना दिसलं, की नुकतं जन्मलेलं बाळ इतर बायकांपेक्षा स्वतःच्या आईचा आवाज ऐकायला जास्त ओढ दाखवतं. म्हणजे तू तिचा आवाज ओळखत होतास. तो म्हणाला, "आता आठवत नाही." मी म्हटलं, नाही आठवत. तेवढंच.

एक विनंती: हाती येईल तो प्रत्येक कागद जपा. आंतरदेशीय दत्तकाबद्दलच्या १९९३च्या हेग करारातही मुलाच्या मुळाची माहिती जतन करायला सांगितलं आहे, ते काही उगीच नाही.

दत्तक मुलगी, वय चौतीस

थोडं कडू लिहिते. माझ्या आईने जन्मदातीला देवी करून ठेवलं होतं. तिचा त्याग, तिचं काळीज, सगळं महान. देवीवर रागावता येत नाही हो! चौदाव्या वर्षी मला तिचा भयंकर राग यायचा आणि मी तो बाथरूममध्ये नळ सोडून काढायचे. शेवटी एकदा आईवर ओरडले, "तिची वकिली करू नकोस!" आईने पुढे एक शब्द काढला नाही, नुसती शेजारी बसून राहिली. मला वाटतं, जन्मदातीच्या प्रेमाचा विचार मी पहिल्यांदा केला तो त्यानंतरच. आधी राग बाहेर पडायला जागा हवी होती.

एक आजी

शब्द सांभाळा, एवढंच सांगते. 'टाकलं', 'सोडून दिलं', 'खरी आई'. मोठी माणसं सहज बोलून जातात. नातवंडं शेजारच्या खोलीत असली तरी ऐकत असतात.

विज्ञान शिकवणारी आई

गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि तिथे टिकतात. १९९६च्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर तब्बल २७ वर्षांनी एका आईच्या रक्तात त्या सापडल्या. हा प्रेमाचा पुरावा नव्हे, हे मी लेकाला बजावून सांगितलं. बारा वर्षांचा आहे. त्याला पुरावा नकोच होता. "म्हणजे मी थोडासा अजून तिच्याकडे असेन," एवढं म्हणून खेळायला गेला.

नाव नको

मी पलीकडच्या बाजूची. एकोणिसाव्या वर्षी मुलगी दिली. वरचं सगळं दोनदा वाचलं. धागा सुरू करणाऱ्या ताईंचं ते 'म्हणून'बद्दलचं अगदी खरं आहे. प्रेम होतं. पर्याय नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीतून दुसरी निघत नाही.

धागाकर्ती

तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. तुमच्या लेकीच्या घरी तुमच्याबद्दल काय सांगितलेलं आवडेल?

नाव नको

तिने विचारलं तरच सांगा. रागावली असेल तर रागावू द्या. आणि तिच्या डाव्या कानामागे एक तीळ आहे. तो मी पाहिला होता, एवढं सांगा.