विषय: ठाण्यातला फ्लॅट विकायचाय, खिडक्या बदलू का?

मिसिसागा (कॅनडा), शनिवार रात्र

नमस्कार मंडळी,
घोडबंदर रोडवरचा आमचा टू बीएचके विकायला काढतोय. अकरावा मजला, इमारत २००९ ची, खिडक्याही तेव्हाच्याच, बिल्डरने दिलेल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या, थ्री ट्रॅक. हॉलची खिडकी पश्चिमेला, समोर येऊरचे डोंगर. बेडरूम मात्र रस्त्याच्या बाजूला, मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून तिथे धुळीचा थरच असतो. भाडेकरू गेले, पडदे आईच्या काळचे, मरून, झालरीवाले. एजंट म्हणतो, सगळ्या खिडक्या काढून यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटी) आणि डबल काच करा, भाव चांगला येईल. ऐकू का त्याचं? किल्ली आत्याकडे आहे, ती नौपाड्याला राहते, वय ७१. (टीडीएसचं, म्हणजे विक्रीवर कापल्या जाणाऱ्या कराचं, कृपया इथे नको, तो धागा वेगळा चालू आहे.)

ब्रॅम्प्टन, रविवार सकाळ

अगं, एवढ्यात नको. मी गेल्या वर्षी नेरुळचा फ्लॅट विकला. सात-आठ कुटुंबं बघून गेली, मी आपला भिंतीला टेकून सगळ्यांचे हात बघत होतो. बाई आत आल्या की पहिला हात खिडकीला. शटर, म्हणजे काचेचं सरकतं दार, अडकलं की नवऱ्याकडे एक नजर, आणि नवरा वाकून खिडकीखालचा रंग बघणार. यूपीव्हीसी आहे का, असं फक्त एकाने विचारलं. तो त्याच धंद्यातला निघाला.

इथे राहून आपल्याला डबल काचेचं फार कौतुक. बाहेर उणे पंधरा असताना ते हवंच. ठाण्यात खिडकी वारा यावा म्हणून उघडायची असते. तुझ्या खिडक्या एका बोटाने सरकू देत, तेवढ्याने निम्मं काम होईल.

ओकव्हिल, रविवार दुपार

काकांशी सहमत. मी मूळची खारघरची, सिव्हिलवाली, साइटवर बारा वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांबण लावते.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा खालची बेअरिंग. झिजलेली असतात किंवा धूळ नि तेल मिळून दगड झालेली. शटर उचलून काढायचं, बेअरिंग बदलायची, ट्रॅक ब्रशने घासायचा. काचेभोवतीचं रबर वाळून आक्रसलं असेल आणि शटरच्या कडेची केसाळ पट्टी झडली असेल, तर तीही त्याच फेरीत बदलून घ्या. पावसाच्या झडीला पाणी आणि रस्त्याचा आवाज, दोन्ही तिथूनच आत येतात. म्हणूनच नुसती जाड काच बसवून बेडरूममध्ये फारसा फरक पडत नाही. सरकत्या खिडकीला फटी राहतातच.

आता पाणी. बाहेरच्या ट्रॅकला तळाशी बारीक खाचा असतात, साचलेलं पाणी बाहेर पडायला. दर दुसऱ्या घरात या बुजलेल्या दिसतात. कधी मातीने, कधी रंगाने, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘गळतंय’ म्हणून कोणीतरी त्यातच सिलिकॉन भरलेलं असतं. मग ट्रॅक भरतो आणि पाणी हॉलमध्ये. आत्यांना सांगा, ट्रॅकमध्ये हळूहळू मगभर पाणी ओता. बाहेर गेलं तर ठीक. तिथेच उभं राहिलं तर खाचा मोकळ्या करायच्या.

आणि खालच्या ग्रॅनाइटवर एक गोटी ठेवून बघायला सांगा. गोटी घराकडे गडगडत आली, तर उतार उलटा आहे. तेव्हा फ्रेम आणि दगडामधली जुनी भरणी पूर्ण खरवडून नवीन भरावी लागते. ॲल्युमिनियमला न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, ते धातू खातं. हे सगळं कोरड्या भिंतीवरच करायचं, आणि पावसाची सरकारी तारीख ११ जून आहे, त्यामुळे वेळ फार नाही.

ग्रिल काढू नका. लहान मुलांचे आईबाप आधी ग्रिल बघतात. तारांचं ‘इनव्हिजिबल ग्रिल’ डोंगरापुढे छान दिसेल, पण बाहेरून काहीही बदलायचं तर सोसायटीची परवानगी लागेल. विकून निघताना सेक्रेटरीशी भांडण कशाला?

स्कारबरो, रविवार रात्र

खिडकीखाली ओल असेल तर पुट्टी मारून पांढरा रंग द्यायचा. घेणारा एका दिवसात भिंत तपासतो काय?

ब्रॅम्प्टन, रविवार रात्र

तपासतो. ठाण्यातला माणूस मुद्दाम ऑगस्टमध्ये घर बघायला येतो आणि तळहात भिंतीला लावतो. नेरुळला माझ्या भिंतीला लावला होता. ओल निघाली. पुढचा अर्धा तास मी भावाचं सोडून तिच्याबद्दलच बोलत होतो.

ओकव्हिल, सोमवार

पडद्यांचं राहिलंच. मरून पडदे, झालर आणि वरची दांडी झाकणारी लाकडी पेल्मेट पेटी, तिन्ही उतरवा. पेटीमागे हमखास पालीची अंडी असतात, तेव्हा आत्यांना स्टुलावर चढू देऊ नका. हॉलला पांढरा झिरझिरीत कपडा पुरे, बेडरूमला त्याच्यामागे एक जाड थर.

दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच लांब घ्या, म्हणजे गोळा केलेला पडदा भिंतीवर राहतो आणि काच पूर्ण दिसते. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांत मिळतात. दांडी साडेसात फुटांवर लावून सात फुटी पडदा टांगला, तर पायजमा आखूड झाल्यासारखा दिसतो. नऊ फुटी घेऊन शिंप्याकडून कापून घ्या. एवढ्यासाठी झेब्रा ब्लाइंडच्या भानगडीत पडू नका, घेणारा स्वतःच्या आवडीचे लावेल. स्वयंपाकघरात तर काहीच नको. तेलकट रोलर ब्लाइंडइतकं घर जुनं दाखवणारं दुसरं काही नाही.

काचेवर काळी फिल्म असेल आणि तिला फुगे आले असतील, तर साबणाचं पाणी लावून ब्लेडने खरवडायची.

आणि घर सकाळी दाखवा. सकाळी ऊन तुमच्या इमारतीच्या मागून थेट डोंगरावर पडतं. संध्याकाळी तेच ऊन समोरून डोळ्यांत येतं आणि हॉल तापतो.

मिसिसागा, पुढचा शनिवार

मंडळी,
आत्याने व्हिडिओ कॉलवर दोन तास दिले. हॉलच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतलं आणि ते तसंच उभं राहिलं. खाचांत सिलिकॉन होतं, बहुतेक बाबांनीच भरलेलं. तिने विणकामाच्या सुईने एक खाच मोकळी केली, बाकीच्या खाचा कारागिराने. बेडरूमची गोटी मात्र घराकडे गडगडली. ती भरणी काढून नवी करायला दिली आहे. भिंतीवर आधीची ओल होती हे घेणाऱ्याला सांगायचं, आणि कारागिराचं बिल दाखवायचं, असं आमचं ठरलं. यूपीव्हीसी रद्द.

पडदे आत्याने नेले, त्यांची दुपटी शिवणार म्हणे. एजंटला लोक संध्याकाळी पाचला आणायचेत. आत्याने त्याला कळवलंय, किल्ली सकाळी दहा ते बारा मिळेल, त्यानंतर ती जेवते आणि झोपते.