फणेरपेटीसाठी कुठलं लाकूड घ्यावं? आंब्याची पेटी पावसात बिघडली

निपाणीचा_हौशी:
नमस्कार मंडळी. मी सुतार नव्हे, नोकरी करतो, रविवारी मागच्या पडवीत लाकूडकाम करालोय दोनेक वर्षं. एप्रिलात बहिणीसाठी फणेरपेटी केली, आमच्या आजीकडं होती तसली, झाकणाला आतनं आरसा आणि खाली करंडा, फणी ठेवायला कप्पे. माप 9 बाय 6 इंच, उंची 4. लाकूड आंब्याचं, वखारवाल्यानं वाळलेलं म्हणून दिलं आणि इथं असताना झाकण अगदी चप्प बसत होतं. बहीण दिलीय जांबोटीकडं. जुलैत तिचा फोन, दादा पेटी उघडंना झालीय. जाऊन बघतो तर झाकण फुगून अडकलंय, एका कोपऱ्याला बाक आलाय आणि तळाला बारीक भोकं पडून पीठ सांडालंय. देवघरात ठेवलेली हो तिनं, लई वाईट वाटलं. दिवाळीच्या आत दुसरी करून द्यायचीय. सागवान, शिसम, बिबळा, फणस अशी चार नावं चार जण सांगतात. शेतात दोन वर्षांमागं फणस पडला त्याच्या इंची फळ्या काढून माळ्यावर ठेवल्यात, त्या चालतील काय?

खानापूर_रंधा:
दादा आंब्याला कीड लवकर लागते हे खरंच, पण झाकण अडकलं त्यात एकट्या आंब्याचा दोष नाही. निपाणीच्या उन्हाळ्यात केलेली पेटी जांबोटीच्या पावसात गेली, तिथं चार महिने भिंतीसुद्धा ओल धरतात, लाकूड फुगणारच. सागवान एवढं शहाणं लाकूड, तरी आडव्या कापाची सहा इंच रुंद फळी हवेतली ओल वाढली की दीड-पावणेदोन मिलिमीटर रुंदीत वाढू शकते. लांबीत जवळजवळ काही होत नाही, वाढतं ते रुंदीतच. त्यातही कापावर असतं, फळीच्या टोकाकडनं बघा, वर्षाच्या रेषा उभ्या दिसल्या तर वाढ निम्म्यावर येते आणि वाटीसारखा बाक येत नाही. झाकणाला तसलीच फळी निवडा, मग झाड कुठलं का असंना.

आता नावं. बिबळा मजबूत आहे, रंगही सुंदर, पण ओला हात लागला की पिवळट रंग सुटतो, कुंकवाच्या पेटीला मी तरी वापरणार नाही. ऐनाचं लाकूड लहान कामाला नको, वाळताना चिरा पडतात. शिवण मिळाली तर डोळे झाकून घ्या, हलकी, कापायला मऊ आणि एकदा वाळली की फार हलत नाही, ढोलकीची खोडं करतात तिची. हळदू पण बारीक पोताचं, फण्या त्याच्याच करायचे. आणि आमच्याकडच्या वखारीत कन्नड नावं पण माहीत असू द्या, बिबळा मागितला तर पोरगं नुसतं बघत बसतं, होन्ने म्हटलं की लगेच काढून देतं. ऐन म्हणजे मत्ती, शिसवी म्हणजे बीटे.

तुमचा फणस चांगला आहे. पण वाळलाय का ते वजनावर ठरवा. एक तुकडा घरात आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी तोला आणि फळीवरच पेन्सिलीनं तारीख घालून ग्रॅम लिहा. तीन रविवार आकडा हलला नाही की कामाला घ्या.

शहापूर_जुनं_सागवान:
माझं मत स्पष्ट आहे, जुन्या घराचं सागवान घ्या. आमच्या भागात घरं पाडतात तेव्हा चौकटी, तुळया निघतात, पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड, नवं सागवान त्याच्यापुढं पोरकट वाटतं. फक्त रंध्याखाली घालायच्या आधी लोहचुंबक फिरवा, मी एकदा आळस केला, आत तुटलेला खिळा होता, रंध्याच्या पात्याला असा खड्डा पडला की घासायला अख्खी दुपार गेली. बाहेरची पांढरी कड काढून टाका, किडा तिथंच लागतो, आतली नार म्हणजे गाभ्याचं गडद लाकूडच वापरायचं. सागवान तेलकट असतंय म्हणून चिकटवायच्या जरा आधी सांध्याला ताजा रंधा मारा किंवा थिनरनं पुसा, नाहीतर सांधा वर्षभरात सुटतो. बिजागरी पितळेचीच घ्या, लोखंड ओलसर सागवानाला लागलं की काळे डाग उमटतात. पितळी स्क्रूचं डोकं नाजूक असतं, आधी भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून एकदा फिरवून काढायचा आणि मगच पितळी घालायचा.

टिळकवाडी_ताई:
शिसमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. वखारीत शिसम म्हणून मिळतं ते बरेचदा उत्तरेकडचं असतं, आपल्या घाटातली शिसवी वेगळी, जांभळट काळी, लोखंडासारखी जड. शिसवी घेतलीत तर बिल घ्याच, झाड तोडायला वनखात्याची परवानगी लागते. तिचा भुसा नाकात जाऊ देऊ नका, माझ्या हाताला पुरळ उठलं होतं. अख्खी पेटी शिसवीची केली तर उचलायला जड होते, मी फक्त झाकणावर पट्टी बसवते.

आतल्या कप्प्यांना वास मारणारं पॉलिश नको, कुंकू वास धरतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन हात मारा, पण आतनं आणि बाहेरनं सारखेच, एकाच बाजूला मारलं तरी फळी वाकते. तळाची फळी चारी बाजूंना खाचेत नुसती सरकवा, डिंक लावू नका, तिला फुगायला जागा हवी. भाऊ, झाकण आत बसणारं न करता वरनं टेकणारं करा, म्हणजे पावसात अडकायचा प्रश्नच उरत नाही.

निपाणीचा_हौशी:
ताई, झाकणाचं हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. सगळ्यांचं वाचून आज माळ्यावरनं फणस काढला. सात फळ्यांत दोनच उभ्या रेषेच्या निघाल्या, झाकणाला आणि तळाला पुरतील. रंधा मारला तर आतनं हळदीसारखा पिवळाधमक रंग, उजेडात तो हळूहळू तपकिरी होतो म्हणे, बहिणीला आधीच सांगून ठेवतो. तुकडा तोलला, 412 ग्रॅम. पुढच्या रविवारी आकडा इथंच टाकतो.