प्राध्यापकांसाठी हवं तेव्हा करता येईल असं ऑनलाइन प्रशिक्षण: तीन तासांच्या रेकॉर्डिंगचं काय करायचं?

नवा_समन्वयक

विद्यापीठातल्या साधारण ४०० प्राध्यापकांसाठी अध्यापनाचं प्रशिक्षण ऑनलाइन न्यायचं आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेला तासिका आणि परीक्षांमुळे निम्म्या लोकांना येता येत नाही, म्हणून कार्यशाळेची रेकॉर्डिंग्ज (प्रत्येकी अडीच-तीन तास) मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर चढवली आहेत. शेवटी दहा गुणांची चाचणी, मग प्रमाणपत्र. होतं असं की लोक व्हिडिओ उघडतात, लगेच शेवटाला नेतात आणि चाचणी सोडवतात. गुण पैकीच्या पैकी, पण पुढच्या सत्रातल्या असाइनमेंट मागच्याच.

रेकॉर्डिंग कापून छोटी केली तर भागेल का? एका पाठात नेमकं काय आणि किती असावं? आणि प्रत्येकाने आपापल्या वेळेने सुरुवात केली तर अभिप्राय कोण, कधी देणार? टीम तिघांची आहे.

पाठरचनाकार

कापून भागणार नाही. कार्यशाळेतला वक्ता समोरच्या माणसांशी बोलत असतो. ‘मघाशी म्हटलं तसं’, ‘या गटाने फळ्यावर लिहिलंय बघा’ असं बोलणं जागोजागी असतं. त्यातून दहा मिनिटं काढली की त्या तुकड्याला शेंडा ना बुडखा. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास मांडला. लोक व्हिडिओ जास्तीत जास्त सहा मिनिटंच पाहतात, हा त्यातला आकडा सगळे सांगतात. पण तुमच्या कामाचा निष्कर्ष दुसराच आहे: वर्गातलं व्याख्यान मागाहून कापून केलेल्या तुकड्यांपेक्षा, छोटे व्हिडिओ म्हणूनच आधी आखलेले व्हिडिओ जास्त पाहिले गेले. अभ्यास विद्यार्थ्यांवर झालेला आहे, त्यामुळे सहा मिनिटं हा नियम धरून बसू नका. आखणीचा मुद्दा मात्र प्राध्यापकांनाही लागू पडतो.

पाठ विषयावर बांधू नका, प्राध्यापकाला येत्या पंधरवड्यात करावंच लागणार आहे अशा कामावर बांधा. ‘मूल्यमापनाची तत्त्वं’ हा पाठ पुढे ढकलला जातो, ‘येत्या असाइनमेंटसाठी निकषतक्ता’ (कोणत्या निकषावर कोणती पातळी हे मांडणारा तक्ता, म्हणजे रुब्रिक) हा आजच उघडला जातो.

हाच पाठ घेऊन सांगतो. एकूण वेळ ६० ते ७५ मिनिटं, दोन बैठकांत होईल असा. सुरुवातीला व्हिडिओ नको. एकाच प्रश्नाची दोन नमुना उत्तरं द्या (नाव-गाव काढून) आणि काहीही शिकवण्याआधी दोन्ही उत्तरांना दहापैकी गुण द्यायला सांगा. त्यासाठी मूडलमधली चॉइस (दिलेल्या पर्यायांतून एक निवडण्याची) ही अॅक्टिव्हिटी पुरते, फक्त निकाल ‘उत्तर दिल्यानंतर दाखवा’ असा ठेवायचा. एकाच उत्तराला कुणी ४ दिले, कुणी ८ हे तिथेच डोळ्यांसमोर येतं आणि निकषतक्ता कशाला हवा हे वेगळं सांगावं लागत नाही. उत्तरं मात्र नीट निवडा. एक छान लिहिलेलं पण पुराव्याशिवायचं, दुसरं मोडक्या भाषेतलं पण मुद्द्याला धरून. दोन्ही सरळसोट निवडली तर गुणांत फरकच पडत नाही आणि पाठाची सुरुवातच फसते.

त्यानंतर चार-पाच मिनिटांचा एक व्हिडिओ, एकाच चुकीवर. ‘उत्तम, चांगले, बरे’ ही विशेषणं चौकटीत भरली की तक्ता झाला असं लोक समजतात, पण त्यावरून दोन परीक्षक एकमतावर येत नाहीत. चौकटीत कागदावर काय दिसतं ते लिहायचं: ‘दावा आहे, पुरावा नाही’, ‘पुरावा आहे, पण दाव्याशी जोडलेला नाही’, ‘पुरावा जोडलाय आणि विरुद्ध बाजूही घेतली आहे’. मग स्वतःच्या असाइनमेंटसाठी चार निकष आणि तीन पातळ्या, म्हणजे १२ चौकटी. नमुना उत्तरं ज्या प्रकारच्या प्रश्नाची आहेत, त्याला लागू पडणारे निकष वापरून तीच दोन उत्तरं पुन्हा तपासायची. जिथे अडखळायला होतं ती चौकट दुरुस्त करायची आणि तक्ता जमा करायचा.

शेवटची चाचणी काढून टाका. ती पर्याय ओळखता येतो का एवढंच तपासते. पूर्णतेची अट ‘तक्ता जमा झाला’ ही ठेवा, म्हणजे व्हिडिओ पळवून काही मिळत नाही. ज्यांना तक्ता आधीच येतो त्यांना व्हिडिओ न बघता थेट जमा करू द्या. तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला सक्तीने व्हिडिओ बघायला लावणं बरोबर नाही.

सर्व्हर_आणि_सबटायटल

रचनेबद्दल वर आलंच आहे, तांत्रिक बाजू सांगतो.

तयार पॅकेज स्कॉर्म १.२ (ऑनलाइन पाठ कोणत्याही प्रणालीत चालावेत यासाठीचं मानक) मध्ये असेल तर प्रगतीचा तपशील साठवायला मुख्यतः ‘सस्पेंड डेटा’ नावाचा रकाना असतो आणि मानकानुसार त्याची मर्यादा ४,०९६ अक्षरांची आहे. लांब पॅकेजमध्ये तो मध्येच भरतो. माणूस चाळिसाव्या स्लाइडवर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी विसाव्या स्लाइडवर किंवा थेट पहिल्या पानावर येतो. तक्रार ‘साइट बिघडली आहे’ अशी येते, म्हणून खरं कारण सापडत नाही. पॅकेज तोडून दोन-तीन करणं हा सगळ्यात सरळ उपाय. मूडलच्या स्कॉर्म सेटिंगमध्ये मानक-पद्धत बंद करूनही जास्त मजकूर साठवता येतो, ते काम अॅडमिनचं. स्कॉर्म २००४ या नंतरच्या आवृत्तीकडे घाईने जाऊ नका, मूडलचा त्याला पूर्ण आधार नाही.

आवाज. चित्र साधं असलं तरी चालतं, घुमणारा आवाज कुणी दोन मिनिटंही ऐकत नाही. माइक तोंडापासून १५ ते २० सेंमीवर आणि किंचित बाजूला ठेवा, खोलीत पडदे किंवा पुस्तकांची कपाटं असू द्या. रिकामी वर्गखोली रेकॉर्डिंगसाठी सगळ्यात वाईट.

सबटायटल हवीतच. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मानकात रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला ती अगदी ‘ए’ या पहिल्या पातळीपासून लागतात. आपोआप निघणारी सबटायटल विशेषनामं आणि पारिभाषिक शब्दांवर हमखास चुकतात, म्हणून आधी संहिता लिहा, ती वाचून रेकॉर्ड करा आणि तीच वेळेशी जुळवून सबटायटल म्हणून चढवा. दुरुस्तीचं बहुतेक काम वाचतं. स्लाइडवर अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट ठेवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तिथे नापास होतात.

नवा_समन्वयक

दोघांचेही मनापासून आभार. चाचणी काढतोच. अभिप्रायासाठी मूडलमधलं ‘वर्कशॉप’ वापरून प्राध्यापकांनीच एकमेकांचे तक्ते तपासले तर चालेल का? म्हणजे आमच्यावर भार येणार नाही.

तिसरा_बाक

चालेल, पण पूर्ण मोकळ्या वेळापत्रकात नाही. ‘वर्कशॉप’ टप्प्यांनी चालतं: मांडणी, जमा करणं, तपासणं, गुणांकन, बंद. टप्पा सगळ्यांसाठी एकदम बदलतो. उशिरा जमा करायची परवानगी मुद्दाम चालू केली नसेल तर तपासणीचा टप्पा सुरू झाल्यावर आलेल्या माणसाला जमा करायला जागा उरत नाही. म्हणून पाठ बाराही महिने उघडा ठेवा आणि तक्ता जमा करायची खिडकी महिन्यातून एकदा ठेवा, दर महिन्याला वर्कशॉपची नवी प्रत काढून. प्रत्येकाला तपासायला दोनच तक्ते द्या. एक जरी गळाला तरी एक अभिप्राय हाती राहतो.

तरीही टीमने पूर्ण हात काढून घेऊ नये. महिन्याला ३० तक्ते आले आणि प्रत्येकाला १२ मिनिटं दिली तर सहा तास होतात, तिघांत वाटून दोन-दोन. अभिप्रायात गुण देऊ नका. एक चौकट निवडा, ‘हे उत्तर या चौकटीत बसेल की शेजारच्या?’ असा एक प्रश्न विचारा, आणि पाच कामाच्या दिवसांत पाठवा. त्यापुढे गेलं की प्राध्यापकाने असाइनमेंट वाटून टाकलेली असते. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षण-संशोधकांनी १९८० च्या दशकात शालेय शिक्षकांबाबत हेच मांडलं होतं: नुसतं सांगून, दाखवून शिकवणं वर्गात उतरत नाही, सोबत्याचा हात लागतो. ऑनलाइन करताना सगळ्यात आधी तोच हात कापला जातो.

परिणाम मोजताना ‘पाठ आवडला का’ या फॉर्मवर थांबू नका. प्रशिक्षणाचा परिणाम मोजायच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्यांत ती पहिली आहे, तुम्हाला तिसरी हवी आहे, म्हणजे वागण्यात काय बदललं ते. सत्र संपल्यावर एकच फाइल मागा: प्रत्यक्ष वापरलेला तक्ता. जमा केलेल्या तक्त्याशेजारी तो ठेवला की कोणत्या चौकटी बदलल्या ते दिसतं. ज्या चौकटी बहुतेकांनी बदलल्या असतील, तिथला व्हिडिओ आधी नव्याने करा.

एक राहिलं. मूडलची पडदा-रेकॉर्डिंग्ज मूळ व्हिडिओत मिसळू नका, वेगळ्या छोट्या फाइल ठेवा. आवृत्ती बदलली की बटणं जागा बदलतात, तेव्हा दीड मिनिटाची फाइल बदलावी लागेल, अख्खा पाठ नाही.