ब्रिज: सहा इस्पिक, चौकटच्या दुसऱ्या फेरीत अठ्ठी की राजा?

कॉन्ट्रॅक्ट सहा इस्पिक (इस्पिक हुकूम, तेरापैकी बारा हात करायचे), डिक्लेअरर (डाव खेळणारा) दक्षिण, म्हणजे मी. विरोधक (पूर्व-पश्चिम) बोलीत गप्प होते.

डमी (उत्तर, जोडीदाराची उघडी पानं)
इस्पिक: राजा गुलाम 7 4
बदाम: एक्का राणी 3
चौकट: राजा 8 5 2
किलवर: 6 2

दक्षिण
इस्पिक: एक्का राणी 10 9 3
बदाम: 7 5
चौकट: एक्का 7 3
किलवर: एक्का राजा 4

पश्चिमेची उतारी किलवर राणी. एक्क्याने घेतली, विरोधकांचे हुकूम दोन फेऱ्यांत संपले (दोघांकडे दोन-दोन), मग किलवर राजा, आणि तिसरं किलवर डमीत कापलं. डमीत अजून एक हुकूम शिल्लक आहे.

खात्रीचे हात अकरा. बारावा बदामच्या फिनेसवर (राजा पश्चिमेकडे आहे असं धरून डमीची राणी घालणं) मिळेल, पण तो निव्वळ पन्नास टक्के. चौकटचा एक हात जाणारच आहे, मग तो आधी का देऊ नये? एक्का, राजा, तिसरं पान. चौकट तीन-तीन निघाली (साधारण 36 टक्के) तर डमीच्या चौथ्या चौकटवर बदाम टाकायचं, नाहीतर फिनेस आहेच. एकूण 68 टक्क्यांच्या आसपास. इथपर्यंत कुणाचंच दुमत नसावं.

माझं घोडं पुढे अडलंय. डमीतून दुर्री खेळून एक्क्याने हातात आलो, आता तिर्री लावतो. पश्चिमेने लहान पान टाकलं तर राजाऐवजी अठ्ठी घालायची! हात पूर्वेला जातो, आणि त्याच्याकडे मुळात दोनच चौकट असतील तर तो अडकला: बदाम खेळला तर एक्का-राणीच्या तोंडात, किलवर खेळला तर मी हातातून बदाम टाकून डमीत कापतो. त्याच्याकडे तिसरी चौकट असेल तर तो ती परत खेळेल, राजा घेईन, वाटणी तेव्हाही कळेलच. म्हणजे तोटा काहीच नाही, निदान मला तरी सापडत नाहीये. कुणाला दिसतोय का?

दुसरं म्हणजे, पश्चिम सावध असेल तर तिर्रीवर नव्वी किंवा त्याहून मोठं पान टाकेल. तेव्हा मी राजा घालून तिसरी फेरी देतो. तिसऱ्या फेरीत पूर्वेकडे चौकट नाही असं दिसलं तर पश्चिमेकडे चार, म्हणजे बदामचा राजा पूर्वेकडे असण्याची शक्यता थोडी वाढते आणि माझा फिनेस पन्नासच्या खाली घसरतो. त्या स्थितीत फिनेसखेरीज काही उरतं का? स्क्वीझ (एकाच विरोधकाला दोन रंगांपैकी एकातलं कामाचं पान सोडायला लावणं) शोधून पाहिला, पण दोन्ही धोके एकाच खेळाडूकडे येत नाहीत. जाणकारांनी सांगावं.